हॉटेल : ० युरो

पॅरिसला जायचं ठरलं ते एका एक्सेल शीटमुळे. आमच्यातला एक जण, त्याला खजिनदार म्हणू कारण पुढे तो तसाच वागला, रात्री दीड वाजता लॅपटॉप नाचवत माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, बघ, पॅरिस, माणशी ६० युरो. बघितलं तर बस, खाणं, मेट्रो, तिकिटं असे रकाने आणि 'हॉटेल'पुढे ठसठशीत ०. म्हणलं हॉटेल फुकट कसं काय रे? तर म्हणे हॉटेलच नाही. सोमवारी रात्री बस, मंगळवारी पहाटे पॅरिस, दिवसभर हिंडायचं, रात्री परत बस, बुधवारी सकाळी साडेआठच्या लेक्चरला हजर. दोन्ही रात्री बसमध्ये झोपायचं. 'झोपायचं' हा शब्द त्याने इतक्या बेफिकीरपणे वापरला की गडी आजवर कधी रात्रीच्या बसने गेलेला नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आम्ही तिघं जर्मनीत आखेनला मास्टर्स करत होतो, साल २०२५, महिना जानेवारी. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच बँकेत अडकवून ठेवलेल्या आपल्याच पैशांतून, दरमहा ९९२ युरो सुटायचे, म्हणजे एक तारखेला आपण श्रीमंत आणि भाडं नि इन्शुरन्स गेला की चार तारखेला पुन्हा विद्यार्थी. त्यात जानेवारीत बसची तिकिटं स्वस्त असतात. का असतात ते तिथे उतरल्यावर कळतं.

बसबद्दल थोडक्यात. सीट मागे जात नव्हती, पुढच्याची मात्र जात होती. टॉयलेटला कुलूप. डोळा लागला की लिएज, लागला की ब्रसेल्स, आणि प्रत्येक स्टॉपला ड्रायव्हर सगळे दिवे लावून तीन भाषांत ओरडायचा, त्यातली एकही आम्हाला धड येत नव्हती. एका रात्रीत तीन देश बघितले असं आता मी लोकांना सांगतो, पण बेल्जियम म्हणजे माझ्यासाठी एक पार्किंग आणि त्यात सिगरेट ओढणारे चार अनोळखी लोक.

पहाटे सहाला पॅरिसच्या बेर्सी बस स्टँडवर उतरलो. जानेवारीत पॅरिसमध्ये आठ वाजेपर्यंत उजाडतच नाही हे एक्सेलमध्ये कुठेच नव्हतं. तिघांच्या पाठीवर तीन सॅक, प्रत्येकीत पाणी, पासपोर्ट आणि डब्यात कालचा पास्ता. सामान ठेवायच्या जागेला पैसे पडतात म्हणून खजिनदाराने आधीच डोकं लावलं होतं: लूव्र म्युझियममध्ये फुकट लॉकर असतात, आणि युरोपियन युनियनमध्ये राहणाऱ्या २६ वर्षांखालच्यांना लूव्र फुकट, मग भले पासपोर्ट कुठलाही असो. म्हणजे सामान पण फुकट, मोनालिसा पण फुकट, आणि वर हीटर.

इथे तिसऱ्याबद्दल सांगायला हवं. तिसरा अकरा दिवसांपूर्वी २६ चा झाला होता. केक आम्हीच आणला होता, टाळ्या वाजवून वाजवून खाल्ला होता, तेव्हा कोणालाच सुचलं नाही की आपण एका चांगल्या माणसाला २२ युरोच्या तिकिटाच्या गटात ढकलतोय. तो बिचारा वाटभर म्हणत होता की मी दाढी करून येतो, लहान दिसतो. पण रेसिडेन्स परमिटवर जन्मतारीख छापलेली असते, तिला दाढी नसते.

मेट्रोचं एक तिकीट तेव्हा अडीच युरो होतं, म्हणून सेन नदीच्या काठाने चालत निघालो. पहिलं नोत्र दाम कॅथेड्रल लागलं. २०१९ च्या एप्रिलमध्ये जळालं होतं ते नुकतंच, डिसेंबरात, पुन्हा उघडलं होतं आणि आत जायला पैसे नाहीत. आत सगळं इतकं घासूनपुसून लख्ख की दगड कालच आणून लावलेत असं वाटावं. पाच वर्षं कारागिरांनी राबून उभं केलेलं ते सगळं मी भारावून बघत होतो, निदान पहिली चार मिनिटं तरी, कारण नंतर खुर्चीवर बसलो आणि एकदम कोणीतरी खांद्याला हात लावला तेव्हा पाऊण तास गेला होता. शेजारी खजिनदार तोंड उघडं टाकून. तिसरा जागा होता, पण तो म्हणे आमच्याकडे बघून तिथली एक आजी दोनदा छातीवर क्रॉसची खूण करून गेली.

तिथून लूव्र. अंगणात पोचलो तर काचेचा पिरॅमिड अगदी फोटोतल्यासारखा, आणि रांग नाही. अजिबात नाही! खजिनदार म्हणाला, बघा, लवकर येण्याचा फायदा. जवळ गेलो. पाटीवर लिहिलं होतं, फेर्मे ल मार्दी. फ्रेंच येत नाही म्हणून आम्ही तिचा दहा मिनिटं अर्थ लावत बसलो, शेवटी तिसऱ्याने मोबाइल धरला आणि अत्यंत शांतपणे वाचून दाखवलं: मंगळवारी बंद.

लूव्र दर मंगळवारी बंद असतं. ही काही गुप्त माहिती नाही. वेबसाइटवर आहे, आणि फुकट असलं तरी वेळ बुक करा असंही तिथेच आहे, बुक करायला गेला असता तर तिथेच कळलं असतं. पण खजिनदाराचं म्हणणं, फुकटाला कसलं बुकिंग. मग त्या रिकाम्या अंगणात तिघांनी पिरॅमिडच्या टोकाला बोट लावल्याचे फोटो काढले. मोनालिसा जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरची आहे, एवढ्याशा चित्रासाठी कोण गर्दीत चेंगरणार, असंही आम्ही एकमेकांना समजावलं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट ते हेच.

तेवढ्यात निसर्गाची हाक. पॅरिसमध्ये रस्त्यावरची टॉयलेटं फुकट आहेत हे त्या शहराचं खरं वैभव, आयफेल वगैरे ठीक आहे. पण प्रत्येक माणूस बाहेर आला की दार बंद होतं आणि ते आतल्या आत स्वतःला धुवून घेतं, घर्रर्र करत, सावकाश. पुढे सात जण होते. सात आंघोळी होईपर्यंत थंडीत एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत उभं राहून मी जे दिवस काढले ते मलाच माहीत.

मग नदीपलीकडे ओर्से म्युझियम. हे पूर्वी रेल्वे स्टेशन होतं, १९०० सालचं, आता तिथे मोने, व्हॅन गॉग वगैरे चित्रकार मंडळी राहतात आणि ती मंगळवारी घरी असतात. मी आणि खजिनदार फुकट. तिसऱ्याने तिकिटाचा बोर्ड वाचला, आमच्या सॅकांकडे बघितलं आणि एखाद्या थोरल्या भावासारखा म्हणाला, तुम्ही जाऊन या, मी सामान बघतो. आम्ही एकदा पण नको म्हणालो नाही. खरं सांगतो, एकदा पण नाही.

आत ते भलंमोठं घड्याळ आहे ना, काचेचं, ज्यातून पलीकडचं पॅरिस दिसतं, तिथे उभं राहून मला खाली कुठेतरी तीन सॅकांवर बसलेला तिसरा आठवला आणि दोन मिनिटं वाईट वाटलं. पण आत हीटर होता. दोन तासांनी बाहेर आलो तर गड्याचं नाक जांभळं आणि चेहऱ्यावर विलक्षण समाधान. झालं असं की एका माणसाने त्याच्या पायाशी वाकून सोन्याची अंगठी 'सापडल्या'सारखी उचलली आणि विचारलं, ही तुझी का? पॅरिसमधला हा जुना धंदा आहे, तुम्ही नाही म्हणायचं, मग तो ती तुम्हालाच देऊ करतो आणि वर पैसे मागतो, अंगठी अर्थातच पितळेची. तिसरा म्हणाला, हो, माझीच, आणि घातली. तो माणूस म्हणे पाच मिनिटं समजावत होता की नाही रे, तुझी नाहीये, आणि हा दर वेळी थँक यू म्हणत होता.

दुपारी एका बॅगेटचे, म्हणजे लांबुळक्या फ्रेंच पावाचे, तीन तुकडे करून पास्त्यासोबत खाल्ले. युनेस्कोने २०२२ मध्ये बॅगेटच्या कलेला वारसा म्हणून मान्यता दिलीये, आम्ही त्या वारशासाठी भांडलो, कारण टोकं दोनच असतात.

आयफेलला दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या. जिना लिफ्टपेक्षा स्वस्त म्हणजे आमच्यासाठी विषय संपला. फक्त इथे तरुणपणा २४ ला संपतो! सकाळी ओर्सेत तरुण असलेला मी संध्याकाळी आयफेलला प्रौढ. खजिनदार २४ चा, निम्म्या पैशात, वर चढताना शिट्टी वाजवत होता. दोनशेव्या पायरीला शिट्टी थांबली. चारशेला सॅकमधली पाण्याची बाटली काढून प्यायलो, तहान नव्हती, वजन कमी करायचं होतं. वर पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं आणि वारा असा की पॅरिस बघायला डोळे उघडले तर पाणी यायचं. बरोब्बर तासाला सगळा टॉवर पाच मिनिटं लुकलुकतो, तो क्षण खालून बघायचा असतो. आम्ही वर होतो. आमच्या आजूबाजूला नुसते फ्लॅश उडत होते, लग्नाच्या मांडवात व्हिडिओवाल्यासमोर उभं केल्यासारखं.

तिथून बेर्सीला सहा नंबरची मेट्रो थेट जाते. खजिनदार म्हणाला, सातच किलोमीटर आहे, चालत जाऊ. मी आणि तिसऱ्याने काही न बोलता त्याला दोन्ही दंडांना धरून स्टेशनात नेलं.

परतीच्या रात्रीही झोप नाही. पहाटे जर्मन बॉर्डरवर पोलीस चढले, पासपोर्ट, परमिट. तिसऱ्याचा पासपोर्ट सॅकच्या तळाशी, पास्त्याच्या डब्याखाली. पोलिसाने तो दोन बोटांनी धरून तपासला.

साडेआठच्या लेक्चरला तिघंही हजर होतो. प्रोफेसर पहिल्या स्लाइडवर असतानाच फोन थरथरला. स्प्लिटवाइजवर, म्हणजे आमच्या खर्च वाटून घ्यायच्या अ‍ॅपवर, तिसऱ्याची एंट्री होती: सामान सांभाळणे, दोन तास, माणशी ६ युरो. मी मान वळवली तर तो नाक पुसत फळ्याकडे बघत होता. मिनिटभराने पुन्हा थरथरला. खजिनदार: अंगठी, एक नग, तिघांत समान.