ऐकण्याचं मशीन कधीही लावलं तरी चालतं? नाही, चालत नाही

'बहिरेपण कानात असतं, मेंदू शाबूतच राहतो. म्हणून मशीन आज लावा की पाच वर्षांनी, फरक पडत नाही. उलट लवकर लावलं तर कान आळशी होतो.' हा निरोप व्हॉट्सॲपवर फिरत असतो. त्याच्या भरवशावर कुणी तान्ह्या बाळाची तपासणी पुढे ढकलली, तर गेलेले महिने परत येत नाहीत.

पहिलं वाक्यच चूक आहे. कानाची नस ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, शिरते, तिथल्या पहिल्याच थांब्यावर तिचं टोक फांद्या फोडतं आणि समोरच्या पेशीला मुठीत धरल्यासारखं कवटाळतं. दोन पेशींमधल्या या सांध्याला (सिनॅप्सला) 'एंडबल्ब ऑफ हेल्ड' म्हणतात. आवाज कुठल्या बाजूने आला हे आपण दोन कानांमधल्या अवघ्या 10-20 मायक्रोसेकंदांच्या फरकावरूनही ओळखतो, तेव्हा इथे संदेश पोचायला जराही दिरंगाई परवडत नाही. जन्मतः बहिऱ्या पांढऱ्या मांजरांमध्ये याच टोकाच्या फांद्या विरळ झालेल्या दिसतात, रासायनिक संदेश वाहणाऱ्या पुटिका (इवल्या पिशव्या) कमी असतात आणि समोरच्या पेशीवरचा संदेश झेलणारा पट्टा फुगून सपाट होतो. म्हणजे बिघाड कानातला, पण बदल मेंदूतसुद्धा. उंदरांचा एक कान नुसता बुजवला, तरी या भागातल्या सांध्यांवरचे रिसेप्टर, म्हणजे संदेश झेलणारे रेणू, बदलतात. बोळा काढल्यावर ते पूर्ववत होऊ लागतात, ही त्यातली दिलाशाची बाब.

'कधीही लावा' याचं उत्तरही मांजरांनीच दिलंय. 2005 साली 'सायन्स' या शोधपत्रिकेत आलेल्या अभ्यासात बहिऱ्या पिल्लांना तीन महिन्यांच्या वयात कॉक्लियर इम्प्लांट (कानाच्या नसेला थेट विजेचे संकेत देणारं, शस्त्रक्रियेने बसवायचं यंत्र) बसवलं होतं. काही महिने आवाज मिळाल्यावर त्यांचे सांधे बरेचसे मूळ रूपात आले. उशिरा इम्प्लांट बसवलेल्या मांजरांत ही दुरुस्ती तेवढी झाली नाही. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: ज्यांना आयुष्यभर ऐकू येत होतं आणि म्हातारपणी कमी यायला लागलं, त्यांच्या मेंदूची ऐकण्याची घडण आधीच झालेली असते. आजीआजोबांनी 'आता उशीर झाला' म्हणून मशीन नाकारू नये.

'ऑडिओग्राम (किती हळू आवाज ऐकू येतो याचा आलेख) नॉर्मल, म्हणजे काळजी नको' असंही या निरोपाला जोडून येतं. 2009 मध्ये कुजावा आणि लिबरमन या शास्त्रज्ञांनी उंदरांना दोन तास 100 डेसिबलचा आवाज ऐकवला. ऐकण्याची पातळी काही दिवसांत पूर्ववत झाली, पण कानातल्या केसपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) आणि नस यांच्यामधले काही भागांतले जवळजवळ निम्मे सांधे कायमचे गेले. माणसांत हे किती प्रमाणात होतं यावर वाद आहे. तरी डीजेच्या भिंतीपुढे लेकरांना उभं करायला हे कारण नव्हे.

राहिला आळशी कान. मशीन नसेला काम देतं, तिचं काम काढून घेत नाही. रिकामं ठेवल्यानेच सांधे बदलतात, हे वर पाहिलंच. मशीन मात्र ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) मोजून बसवून घ्या, बाजारातला कुठलाही आवाज वाढवणारा डबा नको.

बाळाची पहिली चाचणी महिन्याच्या आत, शंका आली तर बेरा (आवाजाला कानाची नस आणि ब्रेनस्टेम कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी चाचणी) तीन महिन्यांच्या आत, आणि दोष नक्की झाला तर मशीन सहा महिन्यांच्या आत.