तुमच्या बाबांना हात लावू दिला नाही, त्याबद्दल

नमस्कार ताई,

या कलादालनाची मालक म्हणून मी स्वतः उत्तर लिहितेय. तुम्ही दोन स्टार देऊन जे लिहिलंत ते थोडक्यात असं: दारावर ‘कला सर्वांसाठी’ ही पाटी, जिन्याजवळ अंधशाळेतल्या मुलांचे फोटो, आणि काचबिंदूने दृष्टी गेलेल्या तुमच्या बाबांना मात्र एकाही वस्तूला हात लावू दिला नाही. ‘स्पर्शाच्या पाट्या फक्त गटांसाठी, आधी फोन करून यावं लागतं’ असं काउंटरवर सांगितलं. शिवाय वारली चित्रांखाली ती काढणाऱ्यांची नावं नाहीत. यातलं सगळं खरं आहे. बाबांची आणि तुमची मी मनापासून माफी मागते.

काउंटरवरच्या मुलाला कृपया दोष देऊ नका. नियम माझा होता, त्याने तो पाळला.

त्या पाट्या, म्हणजे बोटांनी चित्र कळावं म्हणून केलेली उठावदार चित्रं, कशा झाल्या ते सांगायला हवं, कारण चूक तिथेच लपली आहे. सुरुवातीला आम्ही कुणालाच न विचारता एका लग्नचौकाच्या, म्हणजे लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकोनी चित्राच्या, सगळ्या रेषा जाड रंगाने उठावदार केल्या आणि तयार पाटी घेऊन शाळेत गेलो. मुलांनी दोन मिनिटं बोटं फिरवली आणि सोडून दिली. एक मुलगी म्हणाली, ‘नुसते काटे लागतायत.’ तिथल्या सरांनी, त्यांनाही दिसत नाही, मला समजावलं की डोळ्याला चित्र एकदम दिसतं, बोटाला मात्र एका वेळी बोटाएवढंच कळतं. वारली चित्र तर माणसं, झाडं, पक्षी यांनी खच्चून भरलेलं असतं. मग सर आणि मुलांसोबत बसून नवा संच केला. पहिल्या पाटीवर एकच माणूस: टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, त्यांना हातपाय आणि डोकं. दुसरीवर हात धरलेले पाच जण. तिसरीवर तारपा, म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची गोल रांग. चौथीवर पालघट देवीचा चौक, पण कडेची दाट नक्षी वगळून. तिसरी पाटी हाताखाली आल्यावर त्याच मुलीने रांगेतली माणसं मोजायला सुरुवात केली.

आणि एवढं झाल्यावर मी तो संच कपाटात ठेवून कुलूप लावलं. दर वर्षी 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, शाळेची बस यायची, कपाट उघडायचं, फोटो निघायचे, कपाट बंद व्हायचं. शाळा आमची भागीदार आहे असं मी सगळीकडे सांगत होते, पण कुणी कधी यायचं ते मीच ठरवत होते. एरवी कुठल्याही मंगळवारी, वडिलांचा हात धरून, न कळवता कुणी येईल, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2015 मध्ये ‘अनुभव’ हे स्पर्शदालन सुरू झालं, तिथे 22 प्रतिकृती हाताळण्यासाठीच मांडल्या. ते माहीत असूनही आपल्याकडे मी कुलूप लावलं, याची मला लाज वाटते.

तुमचं लिखाण मी शाळेतल्या सरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘आम्हाला पाहुणे म्हणून बोलावू नका, कामावर बोलावा.’ त्यामुळे आता संच तळमजल्यावर खिडकीजवळच्या टेबलावर उघडा असतो, रोज, कुणालाही. शनिवार-रविवारी शाळेचे दोन माजी विद्यार्थी तिथे पगारावर असतात. तेच लोकांना पाट्या वाचायला शिकवतात, डोळस मंडळींनाही.

एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. मूळ चित्रांना हात लावू द्यावा, हे मला मान्य करता येणार नाही. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेली ती रेघ आहे, कोरडी झाली की नुसत्या घर्षणाने पापुद्रा सुटतो. आमच्याकडे अशी सुटलेली दोन चित्रं आहेत. ती दिसत असलेल्या लोकांच्याच बोटांनी खराब झाली.

नावांचं दुखणं जुनं आहे. 1970 च्या दशकाआधी ही चित्रं मुख्यतः सवाशिणी लग्नघरी भिंतीवर काढत. कागद आला, बाजार आला, तशी पुरुषांची नावं पुढे आली. जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, त्याचा मला अभिमानच आहे. पण आमच्या संग्रहातली बरीच चित्रं माझ्या सासऱ्यांनी व्यापाऱ्याकडून घेतली आणि कुणी काढली ते विचारलंच नाही. तिथे आम्ही ‘अज्ञात’ लिहून मोकळे झालो होतो, जणू त्या बाईलाच नाव नव्हतं. तो शब्द काढलाय. ‘नाव विचारायचं आमच्याकडून राहून गेलं’ असं लिहिलंय. पावसाळ्यानंतर चित्रांचे फोटो घेऊन डहाणू आणि जव्हारच्या पाड्यांवर जाणार आहोत. चित्र कुणाच्या हातचं, ते तिथल्या जाणत्या बायका ओळखतात. त्यांचा दिवसाचा मोबदला ठरवूनच बोलावलंय.

तुम्ही लिहिलं नाहीत, तरी सांगते: आमचं कलादालन ज्या वाड्यात आहे त्याचं जोतं दीड फूट उंच आहे. बारास एक उताराचा रॅम्प करायचा तर 18 फूट लांबी लागते आणि गल्लीत तेवढी जागा नाही. मागच्या दाराने चौकातून तो काढतोय, काम चालू आहे. वरचा मजला व्हीलचेअरवरून अजून बघता येत नाही. हे आता तिकीट घेण्याआधीच सांगितलं जातं.

तुमच्या दोन तिकिटांचे पैसे परत करायचे आहेत. काउंटरवर निरोप ठेवा, मी स्वतः फोन करेन.

अजून एक. बाबा डहाणूकडे शिक्षक होते आणि त्यांनी आत येताच ‘तारपा आहे का?’ असं विचारलं होतं, हे मला काउंटरवरच्या मुलाकडून नंतर कळलं. तारपा होता, काचेच्या पेटीत. दुधी भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांचं ते वाद्य हाताळायला आणि फुंकायलाच केलेलं असतं, त्याला काचेत ठेवायचं मला काहीच कारण सांगता येत नाही. आता वाजवता येईल असा एक तारपा टेबलावर ठेवलाय. बाबांना तेवढं सांगाल का?