आरोपी आजारी आहे

चेक परत आला तो सही जुळली नाही म्हणून. पंधरा दिवसांत पैसे द्या, अशी नोटीस आली. ती मी विजेच्या बिलांखाली नीट जपून ठेवली. एवढ्या भांडवलावर मी आरोपी झालो. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, कलम 138, दोन वर्षांपर्यंत कैद. गुन्हा जामीनपात्र आहे, हाच काय तो दिलासा.

शिक्षा व्हायची तेव्हा होवो, तारखा मात्र लगेच सुरू होतात. अकराला जाऊन भिंतीला टेकायचं, पट्टेवाल्याने पुकारा केला की पुढे व्हायचं आणि दीड मिनिटात पुढची तारीख घेऊन बाहेर. त्या दीड मिनिटापायी एक रजा. माझ्या आडनावाचा पुकारा तीन तऱ्हांनी व्हायचा. तिन्हींना मी ओ द्यायचो. न दिली तर वॉरंट.

वकीलसाहेब म्हणाले, "दर वेळी कशाला येता? हजेरी माफीचा अर्ज टाकू." समन्स काढतानाच मॅजिस्ट्रेट वकिलामार्फत हजर राहायची मुभा देऊ शकतात, ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 205. खटला चालू असताना, वकील उभा असेल तर, आरोपीवाचून काम पुढे नेता येतं, ते 317. 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत त्यांची 228 आणि 355 झाली. आकडे बदलले, बाकडी तीच.

कायमची माफी काही मिळाली नाही. मग तारखेपुरती मागायची. "आरोपीची प्रकृती अचानक बिघडल्याने..." जानेवारीत माझं पोट बिघडलं, मार्चमध्ये ताप आला, मे महिन्यात कंबर धरली. तिन्ही दिवशी मी ऑफिसात डबा खात होतो. बायको म्हणाली, "निदान आज तरी लिफ्टने जा."

ऑगस्टमध्ये खरंच 103 ताप भरला. तारीख दुसऱ्याच दिवशी. थरथरत फोन केला.

"ताप? तो आपण मार्चमध्ये वापरला."

"पण हा खरा आहे हो!"

"खऱ्याचा प्रश्न नाही. साहेब मागचे अर्ज चाळतात. दुसरं काही सांगा."

डोकं चालत नव्हतं. शेवटी त्यांनीच लिहिलं: आरोपी पुतणीच्या लग्नासाठी परगावी गेला आहे.

"श्रावणात लग्न?" मी दोन गोधड्यांखालून विचारलं.

"अर्जाला मुहूर्त लागत नाही."

दुपारी मेसेज आला. मंजूर.