बसवरून कार्ड गळाले, ड्रायव्हर निवांत

आमच्या वाळूजच्या कारखान्यात मोजमापाचे कार्ड पीसीआय एक्सप्रेस बसवरून (संगणकात कार्डे जोडणाऱ्या मार्गावरून) गळाले, म्हणजे त्याचा संपर्क तुटला, की लिनक्सचा संगणक गोठतो आणि खापर मात्र विजेवर फुटते. गळालेल्या कार्डाचे रजिस्टर (कार्डाची स्थिती सांगणारी छोटी नोंदजागा) वाचले असता सहसा सगळे बिट १ येतात, हे ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) लिहिणाऱ्यांना ठाऊक नसते असे थोडेच आहे. तरीही 'काम चालू' हा बिट शून्य होण्याची वाट पाहणारा लूप कालमर्यादेविना लिहिला जातो, तो बिट १ च राहतो आणि प्रोसेसरचा एक कोअर घाण्याच्या बैलासारखा तिथेच फिरत राहतो. त्रुटी कळवण्यासाठी आणि रीसेटनंतर कार्ड पुन्हा उभे करण्यासाठी कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) कॉलबॅकची, म्हणजे वेळ आली की कर्नल हाक मारील अशा ड्रायव्हरमधल्या फंक्शनांची, सोय केलेली आहे. पुरवठादाराच्या ड्रायव्हरमध्ये ते एक तर नसतात, नाही तर काहीही न तपासता 'सावरले' असे कळवून मोकळे होतात. तक्रार केली, की उत्तर ठरलेलेच: बंद करून चालू करा.