बीआरएएफ जनुक मुळात दोषी नाही
बीआरएएफ हे जनुकच कर्करोगाला कारणीभूत ठरते, असे या जनुकाविषयीच्या एका लेखात म्हटले आहे. ते तितकेसे बरोबर नाही. या जनुकापासून तयार होणारे कायनेज (म्हणजे इतर रेणूंना फॉस्फेट जोडणारे) प्रथिन मेक या पुढच्या प्रथिनाला फॉस्फेट जोडते आणि पेशीबाहेरून आलेला वाढीचा संदेश केंद्रकाकडे सरकवते. या कायनेजच्या साखळीत ६००व्या स्थानावरील व्हॅलिन या अमिनो आम्लाच्या जागी ग्लुटामिक आम्ल हे दुसरे अमिनो आम्ल आले, की संदेश नसतानाही ते चालूच राहते. मात्र हाच बदल अंगावरच्या कित्येक साध्या तिळांतही सापडतो आणि ते वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहतात, याचा उल्लेख खरे तर हवा होता. शिवाय मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात उपयोगी पडणारे, बदललेल्या बीआरएएफ प्रथिनाला रोखणारे वेमुराफेनिब हे औषध, हाच बदल असलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एकटे फारसे चालत नाही, कारण तेथे ईजीएफआर या, पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाचा मार्ग लगेच पुन्हा सक्रिय होतो.