डोंगर हलत नाही, पण फोटो उलटा असू शकतो

‘जुन्या फोटोतली जागा ओळखायची तर आधी दुकानांच्या पाट्या शोधा’ हे लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. पाट्या बदलतात, दुकानं हलतात. साताऱ्यात आधी अजिंक्यतारा किल्ल्याचा डोंगर शोधावा. तो शहराच्या दक्षिणेला आहे, म्हणजे राजवाड्याकडून पूर्वेला बघितलं की उजव्या हाताला. पश्चिमेला तोंड केलं तर तो डावीकडे जातो आणि समोर यवतेश्वरचा डोंगर येतो. एवढ्यावर अर्धं काम होतं.

एक गोष्ट मात्र लेखात यायलाच हवी होती. जुन्या निगेटिव्हवरून प्रिंट काढताना निगेटिव्ह पालथी पडली की डावं-उजवं बदलतं. आजोबांच्या ट्रंकेतला एक फोटो आम्ही कित्येक वर्षं ‘हा सातारा नव्हेच’ म्हणून बाजूला ठेवला होता, कारण किल्ला भलत्याच बाजूला दिसायचा. मग एकदा भिंग लावून बघताना आजोबांच्या सायकलची एरवी उजवीकडे असणारी चेन डाव्या बाजूला दिसली. कोटाचा वरचा खिसाही उजव्या छातीवर! भाचीने मोबाईलवर फोटो उलटा केला आणि किल्ला आपल्या जागी आला. आईला गल्ली लगेच ओळखू आली.