शंभर टक्के वाढ, पण कशाच्या?

रविवारी टिळक रोडला अमृततुल्यच्या बाहेर मंद्याने सोसायटीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड मोठ्याने वाचला, अमुक खाल्लं की तमुक आजाराचा धोका दुप्पट. अव्याने हातातला क्रीमरोल तसाच खाली ठेवला.

वैदेहीचं स्वतःचं मेडिकल आहे. तिने विचारलं, दुप्पट म्हणजे कितीचे किती? ते काही लिहिलेलं नव्हतं. मग तिने १९९५ चं ब्रिटनचं प्रकरण काढलं. तिथल्या सरकारी औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की थर्ड जनरेशन, म्हणजे तेव्हाच्या नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात गुठळी व्हायचा धोका दुप्पट होतो, म्हणजे १०० टक्के वाढ, झालं, पेपर टीव्ही सगळीकडे तेच आणि बायकांनी घाबरून गोळ्याच सोडल्या. मूळ आकडा काय, तर जुन्या गोळीवर ७००० जणींत एक, नवीनवर दोन. पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्तच असतो, हे कोणी बोललंच नाही ठळकपणे.

"म्हणजे खोटं छापलं?" अव्या.

"एक अक्षर खोटं नाही रे, तीच तर गोची आहे."

मंद्या ऐकतोय होय! "लाखभर बायका ती गोळी घेत असतील तर १४ जणी जास्तीच्या झाल्या की, त्यांच्या घरच्यांना जाऊन सांग किरकोळ आहे म्हणून." ह्यावर वैदेही जरा थांबली, मला पण त्याचं पटलं.

"मग लाखात १४ असंच सांग ना," वैदेही म्हणाली.

"तसं सांगितलं तर कोण बघतंय?"

"म्हणजे तुला घाबरवायचंय, आणि वर नाव माहितीचं."

मग ती एमआर लोकांच्या, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या, चकचकीत ब्रोशरवर घसरली. त्यात फायदा कसा, तर धोका ५० टक्के कमी, म्हणजे हजारात दोघांना होणारं आता एकाला होतं, पण साईड इफेक्ट लिहिताना टक्के गायब, तिथे बारीक अक्षरात हजारात एक. दोन्हीकडे हजारात माणूस एकच! (हे ऐकून मी घरातली दोन पत्रकं शोधणार आहे.)

मंद्या तरी हटून बसलेला, "साध्या आकड्यावर पुणेकराला हेल्मेट घालायला लावून दाखव."

"फुगवलेल्यावर तरी कुठे घातलं त्याने?" वैदेही म्हणाली आणि अव्याने क्रीमरोल उचलला.